मॅजिक किंगडम, पहिल्यांदा आणि सहकुटुंब: इथल्या सगळ्यात चांगल्या सोयी फुकट आहेत

तिकिटं काढण्याआधी घरातल्या सगळ्यात लहान मुलाला भिंतीला टेकवून उभं करा आणि बुटांसकट त्याची उंची इंचांत मोजा. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममधला तुमचा अख्खा दिवस त्या आकड्यावर ठरणार आहे. ३५ इंच भरले तर बार्नस्टॉर्मर ही मिनिटभराची छोटी रोलरकोस्टर मिळते. ३८ इंचांना सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, ४० ला टियानाज बायू ॲडव्हेंचर, ४४ ला स्पेस माउंटन आणि ४८ ला ट्रॉन. राइडच्या तोंडाशीच मोजायची पट्टी असते आणि तिथले कर्मचारी अर्ध्या इंचाचीही सूट देत नाहीत. देऊही नये, कारण सुरक्षेचा दांडा मुलाच्या अंगावर घट्ट बसणार की नाही हे त्या मापावरच ठरतं. बुटात कागदाचे बोळे घालून उंची वाढवायचा प्रकार कुणी सुचवला तर ऐकू नका.

हे माप घरी घ्यायचं कारण एवढंच की ‘ही राइड तुला अजून नाही’ हे मुलाला घरी सांगितलं तर ते ऐकून घेतं. तिथे, ताईदादा आत जाताना बघून कळलं तर पुढचा तासभर समजूत काढण्यात जातो.

आता पार्कबद्दल. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी पार्कं आहेत आणि त्यातलं मॅजिक किंगडम सगळ्यात जुनं, १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेलं. दहा वर्षांच्या आतली मुलं बरोबर असतील आणि हातात एकच दिवस असेल तर दुसऱ्या कुठल्या पार्काचा विचार करायची गरज नाही. दीड वर्षाचं बाळ, आठ वर्षांची ताई आणि सत्तरीतली आजी एकाच होडीत शेजारी शेजारी बसू शकतील अशा राइड्स इथे जितक्या आहेत तितक्या उरलेल्या तिन्हींत नाहीत. आमचं मत अगदी सरळ आहे. पार्क उत्तम आहे, महाग आहे, आणि त्याचे पैसे वसूल होणं न होणं हे जवळजवळ सगळं तयारीवर आहे. त्यातही विकत घ्यायच्या सोयींपेक्षा फुकटच्या सोयी जास्त कामाच्या आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांना त्या माहीतच नसतात, हीच खरी अडचण.

तिकीट आणि तारीख

तीन वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला तिकीट नाही. ३ ते ९ वर्षांना मुलांचं तिकीट लागतं, पण मोठ्यांच्या तिकिटापेक्षा ते अगदी थोड्या डॉलरनीच स्वस्त असतं. १० वर्षं पूर्ण झाली की मोठ्यांचं. तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास जायचं असेल तर आधी जाण्यात नक्की फायदा आहे. दहाव्या वाढदिवसासाठी मात्र तारखा हलवू नका, फरक किरकोळ आहे.

तिकिटाची किंमत तारखेप्रमाणे बदलते. नाताळच्या आठवड्यात एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या आसपास जातं, तर शाळा चालू असतानाच्या साध्या मंगळवारी-बुधवारी बरंच खाली येतं. जास्त दिवसांचं तिकीट घेतलं की दर दिवसाचा भाव उतरतो. एकाच दिवशी दोन पार्कं करण्याची मुभा देणारं पार्क हॉपर पहिल्या खेपेला घेऊ नका. एका पार्कातून दुसऱ्यात जाऊन पोहोचेपर्यंत तासभर सहज मोडतो, आणि मॅजिक किंगडमच एका दिवसात पुरं होत नाही.

तारखेचं तिकीट असेल तर पार्काचं वेगळं आरक्षण लागत नाही. ती अट ९ जानेवारी २०२४ पासून गेली. जुनी माहितीपत्रकं आणि व्हिडिओ अजून ती सांगतात. तशीच दुसरी जुनी माहिती म्हणजे स्प्लॅश माउंटन. ती जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी जून २०२४ मध्ये टियानाज बायू आली. टॉम सॉयर बेट, त्याभोवतीची नदी आणि तिथली मोठी बोट हे सगळं जुलै २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. हातातल्या नकाशावर यांपैकी काही दिसलं तर तो नकाशा बाजूला ठेवा. कुठल्या राइड्स दुरुस्तीसाठी बंद आहेत हे आपल्या तारखांना डिस्नेच्या संकेतस्थळावर नक्की बघा. मुलाने महिनाभर जिचा जप केलाय तीच राइड पत्र्याआड असण्याइतकं वाईट काही नाही.

तारखेतला एक मोठा खड्डा फार लोकांना माहीत नसतो. ऑगस्टच्या मध्यापासून ३१ ऑक्टोबरपर्यंत हॅलोवीनची आणि नोव्हेंबर-डिसेंबरात नाताळची, अशा वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या ठरावीक रात्री असतात. त्या दिवशी साधं तिकीट असलेल्यांसाठी पार्क संध्याकाळी ६ ला संपतं. रात्रीची आतषबाजी मिळत नाही. पण ह्याच दिवशी दिवसा गर्दी कमी असते, कारण माहितगार लोक टाळतात. तेव्हा तान्हं मूल बरोबर असेल, रात्री ९-१० पर्यंत थांबणं नाहीच जमणार, तर पार्टीचा दिवस मुद्दाम निवडावा. आतषबाजीसाठी जीव टाकणारी मुलं असतील तर चुकूनही निवडू नये.

दारापर्यंत पोहोचणं

इथे पहिला अंदाज चुकतो. गाडी लावली म्हणजे पार्क आलं, असं नाही. मॅजिक किंगडमचा वाहनतळ तलावाच्या अलीकडच्या काठाला आहे आणि पार्क पलीकडच्या. गाडी लावून ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटरपर्यंत यायचं, तिथे बॅगांची तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, आणि मग दार. गाडीचं दार लावल्यापासून मेन स्ट्रीटवर, म्हणजे दारातून आत गेल्यावरच्या मुख्य रस्त्यावर, पाय ठेवेपर्यंत ४५ मिनिटं धरा. उबर किंवा लिफ्ट (Lyft) टॅक्सीने गेलात तरी ती ह्या सेंटरलाच सोडते, पार्काच्या दाराशी नाही. डिस्नेच्या हॉटेलांच्या बसेस मात्र दाराजवळ सोडतात, आणि कंटेम्पररी हॉटेलातून तर चालत दहा मिनिटांची वाट आहे. लहान मुलांसह जाणाऱ्यांनी हॉटेल निवडताना तरणतलावापेक्षा ह्या गोष्टीला जास्त किंमत द्यावी.

मोनोरेल की बोट? मोनोरेलची रांग लांब दिसली तर बिनधास्त बोटीकडे वळा. एका बोटीत प्रचंड माणसं मावतात, बाबागाडी न मिटता चढवता येते आणि समोर किल्ला हळूहळू मोठा होत येतो, तो मुलांनी बघण्यासारखा असतो. (किल्ला १८९ फूट आहे. २०० फुटांच्या वरच्या इमारतीवर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो, म्हणून तो त्याच्या आत ठेवला.)

सकाळचे दोन तास

पार्क ९ ला उघडणार असेल तर ८ ला दाराशी असलं पाहिजे. ही शिस्त नाही, हिशोब आहे. पहिल्या दोन तासांत ज्या चार राइड्स होतात त्यांनाच दुपारी १ नंतर सगळा दिवस लागतो. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, पण त्या अर्ध्या तासात फक्त फँटसीलँड आणि टुमॉरोलँड हे दोनच भाग उघडतात. त्यामुळे अर्धा तास आधीचा प्रवेश मिळवून जंगल क्रूझकडे पळणं म्हणजे तो फुकट घालवणं.

लहान मुलं असतील तर क्रम असा: आधी सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, लगेच पीटर पॅन्स फ्लाइट, मग विनी द पू. मुलं ४४ इंचांच्या पुढची असतील तर स्पेस माउंटनपासून, ४८ भरत असतील तर ट्रॉनपासून सुरुवात करा आणि मग फँटसीलँडकडे या.

पीटर पॅन इतक्या आधी का, असा प्रश्न पडतो, कारण राइड साधी आहे आणि जेमतेम तीन मिनिटांची. उत्तर तिच्या रचनेत आहे. छताला टांगलेल्या छोट्या होड्या, एकेका होडीत दोन किंवा तीन माणसं. उंचीची अट नाही म्हणून प्रत्येक कुटुंब येतं आणि तासाला माणसं मात्र थोडीच पुढे सरकतात. रांग सकाळी साडेदहानंतर एकदा फुगली की रात्रीपर्यंत उतरत नाही. याच्या अगदी समोर इट्स अ स्मॉल वर्ल्ड आहे. तिच्या होड्या मोठ्या, त्यामुळे रांग लांब दिसली तरी सरकत राहते. ती भर दुपारीही चालेल. कुठली राइड आधी करायची हे ती किती प्रसिद्ध आहे त्यावर ठरवू नका. तासाला किती माणसं नेते त्यावर ठरवा.

दारातून आत शिरल्यावर मेन स्ट्रीटवर फोटोसाठी थांबायचा मोह आवरा. किल्ला कुठे जात नाही. सकाळी ९ ला किल्ल्यासमोर घालवलेली वीस मिनिटं माइन ट्रेनच्या रांगेत तिप्पट भरून द्यावी लागतात.

पैसे देऊन रांग चुकवणं: लाइटनिंग लेन

जुलै २०२४ पासून ही सोय आजच्या नावांनी मिळते. दोन प्रकार लक्षात ठेवा. मल्टि पासमध्ये एका दिवसासाठी आधी तीन राइड्सची वेळ राखून ठेवता येते; त्या तिन्हींपैकी मोठ्या मागणीच्या गटातली एकच घेता येते आणि दोन दुसऱ्या गटातल्या. सिंगल पास म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या राइडसाठी स्वतंत्र पैसे. इथे त्या ट्रॉन आणि सेव्हन ड्वार्फ्स. दोन्हींचा दर तारखेप्रमाणे बदलतो आणि गर्दीच्या दिवसांत मल्टि पास माणशी ३० डॉलरच्या वर जातो. पाच जणांच्या घराला हा खर्च लहान नाही. तीन वर्षांखालच्या बाळाला मात्र पास लागत नाही.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी आणि बाकीच्यांना भेटीच्या ३ दिवस आधी बुकिंग उघडतं, फ्लोरिडाच्या सकाळी ७ वाजता. भारतातून बुकिंग करणार असाल तर ही वेळ मार्च ते नोव्हेंबर या त्यांच्या उन्हाळी वेळेत आपल्या दुपारी साडेचारची, आणि हिवाळ्यात साडेपाचची. आदल्या दिवशीच माय डिस्ने एक्सपिरियन्स ॲपमध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव घालून त्याला तिकीट जोडून ठेवा आणि कार्ड नोंदवा. बहुतेकांचं घोडं कार्डावर अडतं. भारतीय कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुद्दाम चालू करावे लागतात, ते बँकेच्या ॲपमधून आधीच करा. तिथे पोहोचल्यावर बुकिंग करायचं असेल तर ओटीपी येणारा भारतीय नंबर रोमिंगवर चालू हवा. ऐन वेळी ओटीपीची वाट बघत बसलं की चांगल्या वेळा डोळ्यांदेखत जातात.

वेळ मिळाली की तासाभराची खिडकी असते. पाच मिनिटं आधी आणि पंधरा मिनिटं उशिरा गेलं तरी चालतं, त्यापुढे जोखीम. पहिली राइड वापरली की ॲपमधून लगेच पुढची घेता येते, आणि इथेच लोक विसरतात. आत शिरताना तिकीट दाखवल्या दाखवल्या रांगेतच फोन काढून पुढचं बुकिंग करावं. एक राइड एकदाच.

घ्यावा की नाही? सगळी मुलं चार-पाच वर्षांची असतील आणि तुम्ही सकाळी वेळेत पोहोचणार असाल तर नको. त्या वयाची मुलं दिवसात सात-आठ राइड्सवर थकतात, आणि डंबो, कॅरोसेल, अंडर द सी, मॅजिक कार्पेट्स यांना इतके पैसे घालवण्यासारखी रांग नसते. डंबोला तर वाट बघताना मुलांना तंबूत खेळायला सोडतात. तिथून मुलं बाहेर यायला तयार नसतात, ही वेगळीच अडचण. आठ ते पंधरा वयाची मुलं असतील, दिवस एकच असेल आणि तारीख सुट्टीतली असेल तर मल्टि पास घ्या. मोठ्या गटातून स्पेस माउंटन किंवा टियाना घ्यावी. सिंगल पासवर पैसे घालण्याआधी दोन फुकटचे रस्ते आहेत: सकाळी सगळ्यात आधी ती राइड, किंवा पार्क बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी तिच्या रांगेत शिरणं. बंद होण्याच्या वेळी जे रांगेत आहेत त्यांना राइड मिळते.

रायडर स्विच: हिच्यासाठी वेगळे पैसे नाहीत, आणि हीच सगळ्यात मोठी

घरात एक मूल ४४ इंचांचं आणि एक ३३ चं असेल तर आई-बाबांपैकी एकाने राइड सोडायची, असं बहुतेक जण धरून चालतात. गरज नाही.

सगळे मिळून राइडच्या तोंडाशी जा. तिथल्या कर्मचाऱ्याला ‘रायडर स्विच’ एवढे दोन शब्द सांगा आणि धाकटं मूल दाखवा. ते मूल तिथे हजर असावं लागतं. हॉटेलात झोपलेलं चालत नाही. कर्मचारी थांबणाऱ्या माणसाचं तिकीट यंत्रावर नोंदवतो. समजा आई धाकट्याबरोबर थांबली आणि बाबा थोरलीला घेऊन नेहमीच्या रांगेत गेले. ते बाहेर आले की धाकटा बाबांकडे, आणि आई लाइटनिंग लेनच्या छोट्या रांगेतून थेट आत. तिच्याबरोबर आणखी दोघं जाऊ शकतात. म्हणजे थोरली तीच राइड दुसऱ्यांदा करते, जवळजवळ न थांबता. मल्टि पास घेतलेला असेल तर दोन्ही खेपा छोट्या रांगेतून.

उंचीची अट असलेल्या राइड्सवर ही सोय मिळते. लहान मूल झोपलं असेल तर बाबागाडीतच असू द्या. थांबणाऱ्याने त्या वेळात खाणं, पाणी, डायपर ही कामं उरकावीत. नुसतं उभं राहून दमू नये.

एक सावधगिरी. सात वर्षांखालच्या मुलाबरोबर राइडवर १४ किंवा त्याहून मोठं कुणीतरी लागतं. आणि स्पेस माउंटनमध्ये इथे एकामागे एक बसवतात, शेजारी नाही. अंधारात आईचा हात धरायला मिळणार हे गृहीत धरून आलेलं सहा वर्षांचं मूल तिथे पहिल्यांदा हबकतं. वेग खरं तर फार नाही, ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास; अंधारामुळे जास्त वाटतो. मुलाला चालेल का हे तपासायचं असेल तर आधी शेजारच्या पीपलमूव्हरमध्ये बसवा. ती सावकाश गाडी स्पेस माउंटनच्या पोटातून जाते, किंकाळ्या ऐकू येतात, आणि मूल स्वतःच सांगतं.

आजी-आजोबा बरोबर असतील तर

ह्या पार्कात दिवसभरात १० किलोमीटर चालणं सहज होतं. घरी रोज फिरायला जाणारे आजोबाही चारच्या सुमाराला बसतात, कारण इथलं चालणं सलग नसतं. चालणं, रांगेत उभं राहणं, पुन्हा चालणं असं असतं आणि उभं राहण्यानेच पाय भरून येतात. व्हीलचेअर पार्काच्या दाराशीच भाड्याने मिळते. लाज वाटून घेऊ नका आणि दुपारी बघू असंही म्हणू नका. विजेवर चालणाऱ्या गाड्या मोजक्या असतात आणि लवकर संपतात. व्हीलचेअर आहे म्हणून रांग चुकत नाही, पण बहुतेक रांगांतून ती नेता येते, म्हणजे बसून पुढे सरकता येतं.

सरकत्या पट्ट्यांची कल्पना आधी द्या. हाँटेड मॅन्शन, अंडर द सी, पीटर पॅन आणि पीपलमूव्हर यांत गाडी थांबत नाही, चालत्या पट्ट्यावरून चढायचं असतं. गुडघे दुखणाऱ्यांनी कर्मचाऱ्याला आधी सांगितलं तर हाँटेड मॅन्शनसारख्या ठिकाणी पट्टा हळू करतात. पायरेट्स ऑफ द कॅरिबियनच्या होडीत उतरायला खोल पायरी आहे आणि अंधारात एक छोटा उतार येतो. पाठीचं दुखणं असेल तर तो आधी माहीत असावा.

इंग्रजी फारसं न कळणाऱ्यांसाठी कार्यक्रम जपून निवडा. जंगल क्रूझची सगळी मजा नावाड्याच्या भराभर मारलेल्या शाब्दिक कोट्यांत आहे, हॉल ऑफ प्रेसिडेंट्स आणि मॉन्स्टर्स लाफ फ्लोअर ही तर बोलण्याचीच कामं. त्यांच्याऐवजी मिकीज फिलहारमॅजिक, स्मॉल वर्ल्ड, पीपलमूव्हर. तिन्ही थंडगार किंवा सावलीतली, बसून बघायची आणि भाषेवाचून कळणारी.

बाळ असेल तर एक जागा पाठ करा: मेन स्ट्रीटच्या किल्ल्याकडच्या टोकाला, केसीज कॉर्नर आणि क्रिस्टल पॅलेसच्या मधलं बेबी केअर सेंटर. वातानुकूलित, शांत, दूध पाजायला वेगळी खोली, डायपर बदलायची टेबलं, मायक्रोवेव्ह. पैसे नाहीत. बारा-एकच्या उन्हात किरकिरणाऱ्या बाळाला अर्धा तास इथे आणलं तर संध्याकाळ वाचते. हरवलेलं मूलही कर्मचारी इथेच आणतात, तेव्हा सकाळीच मुलाच्या मनगटावर किंवा सदऱ्याच्या आत फोन नंबर लिहा आणि नावाची पाटी लावलेल्या माणसाकडे जायचं हे शिकवून ठेवा.

स्वच्छतागृहं स्वच्छ आहेत आणि भरपूर आहेत. दोन गोष्टी मात्र बरोबर घ्या. कमोडचं पाणी आपोआप, मोठा आवाज करत सुटतं आणि लहान मूल त्याला इतकं घाबरतं की पुन्हा जायला तयार होत नाही. चिकट कागदाचा छोटा तुकडा कमोडच्या सेन्सरवर लावला की ते थांबतं, निघताना काढायचा. आणि जेट स्प्रे नसतो, तेव्हा ओले टिश्यू आणि छोटी बाटली पिशवीत हवी.

बाबागाडी ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, ह्यापुढची चालत नाही. ओढायची वॅगन अजिबात नाही. पार्कातली भाड्याची गाडी कडक प्लास्टिकची असते, तीन वर्षांपुढच्या मुलाला ठीक, झोपणाऱ्या बाळाला नाही. राइडला जाताना गाडी ठरलेल्या जागी लावावी लागते आणि कर्मचारी ती ओळीत सरकवतात, त्यामुळे परत आल्यावर ती जिथे ठेवली तिथे बहुधा नसते. चोरीला गेली असं समजून घाबरू नका, दोन ओळी इकडेतिकडे बघा. शेकडो काळ्या गाड्यांत आपली ओळखू यावी म्हणून दांड्याला जुन्या भडक ओढणीची गाठ मारा.

खाणंपिणं

बाहेरचं खाणं आत नेता येतं, आणि हे चांगलं आहे. काचेची भांडी आणि सुटा बर्फ नको, बाकी दशम्या, लाडू, चिवडा खुशाल न्या. डबा गरम करून मिळत नाही. पाणी विकत घेऊ नका. झटपट खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर मागितलं तर बर्फ घातलेला पाण्याचा पेला फुकट देतात, खाणं घेतलं नसलं तरी. रस्त्यावरच्या पाण्याच्या नळापेक्षा हे चवीलाही बरं.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. पिनोकिओ व्हिलेज हाउसमध्ये चीजचा फ्लॅटब्रेड, कोलंबिया हार्बर हाउस आणि कॉझ्मिक रेज इथे शाकाहारी पदार्थ असतात. अलोहा आयलचा अननसाचा डोल व्हिप हा आइस्क्रीमसारखा पदार्थ दूधही नसलेला, अगदी निर्धास्त खावा. मुरमुऱ्याच्या वडीसारख्या दिसणाऱ्या मिकीच्या आकाराच्या गोड वड्या मार्शमेलोच्या असतात आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं. कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांनी त्या घेऊ नयेत. जेवणाची ऑर्डर ॲपमधून साडेअकराच्या आत द्या. १२ ते दीड या वेळात टेबल मिळवणं हीच वेगळी राइड होते. टेबलावर बसून, पूबरोबर जेवायचं असेल तर ६० दिवस आधी बुकिंग उघडतं, फ्लोरिडाच्या सकाळी ६ ला.

ऊन, पाऊस, आणि रात्री बाहेर पडणं

जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाटी पाऊस जवळजवळ ठरलेला. वीज जवळ आली की बाहेरच्या राइड्स बंद होतात. माइन ट्रेन, ट्रॉन, डंबो, बार्नस्टॉर्मर सगळ्या. त्या वेळी लोक दुकानांत घुसतात. तुम्ही फिलहारमॅजिक, पायरेट्स, स्मॉल वर्ल्ड किंवा कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसकडे जा. रेनकोट घरूनच घडी करून आणा, छत्री गर्दीत अडचण करते. पाऊस तासाभरात ओसरतो आणि त्यानंतरचा तास उत्तम, कारण निम्मे लोक हॉटेलवर गेलेले असतात.

उन्हाळ्यात एक ते चार बाहेर पडून विश्रांती घेणं मुलांच्या अंगाला मानवतं आणि त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येतं. पण हे जवळच्या हॉटेलातल्यांसाठी. दूर राहणाऱ्यांचे दोन तास जाण्यायेण्यातच जातील. त्यांनी आतच थंड जागा शोधाव्यात. स्टोरीबुक सर्कस ह्या भागात पाण्याचे फवारे आहेत, तिथे मुलं भिजणारच. कपड्यांचा एक जोड आणि छोटा टॉवेल पिशवीत ठेवा.

ट्रॉनला मोटारसायकलसारखं पुढे झुकून बसायचं असतं आणि पोटऱ्या जाड असतील तर मागचा टेकू नीट लागत नाही. बाहेर नमुन्याची गाडी ठेवली आहे, रांगेत शिरण्याआधी तिच्यावर बसून बघा. पिशव्या आत नेता येत नाहीत. आतले लॉकर फुकट आहेत आणि दोन्ही बाजूंनी उघडतात: जाताना एका बाजूने ठेवायचं, परतताना दुसऱ्या बाजूने त्याच क्रमांकाचं कपाट आपलं तिकीट टेकवून उघडायचं. क्रमांक लक्षात ठेवा.

हॅपिली एव्हर आफ्टर ही रात्रीची आतषबाजी समोरूनच बघायची, कारण अर्धी मजा किल्ल्यावर पडणाऱ्या चित्रांत आहे. किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी गेलं तर चित्रं दिसत नाहीत, मान मात्र दुखते. मेन स्ट्रीट आणि किल्ल्यासमोरचा गोल चौक यांच्या मधली जागा चांगली. तिथे ४५ मिनिटं आधी बसा. आवाज मोठा असतो, बाळासाठी कान झाकायचे मफ हवेतच. आतषबाजी नको असेल तर तीच वेळ राइड्ससाठी सोन्यासारखी आहे.

संपल्या संपल्या दाराकडे धावू नका. हजारो माणसं एकदम मोनोरेलच्या रांगेत उभी राहतात आणि झोपेला आलेलं मूल खांद्यावर घेऊन तासभर काढावा लागतो. मेन स्ट्रीटवरची दुकानं पार्क बंद झाल्यावरही काही वेळ उघडी असतात. अर्धा-पाऊण तास तिथे काढा. सकाळी टाळलेला किल्ल्यासमोरचा फोटो आता काढा, दिवे लागलेले असतात आणि मध्ये कुणी येत नाही. मग फेरीबोट धरा, आणि वाहनतळावर उतरल्यावर गाडी कुठल्या रांगेत आहे ते आठवत बसू नका. सकाळी गाडी लावतानाच त्या खांबाचा फोटो काढून ठेवायचा असतो.